वारसा कर नाही, मग मृत्युपत्र कशाला?

भारतात मृत व्यक्तीच्या मालमत्तेवर लागणारी इस्टेट ड्युटी १९८५ मध्ये रद्द झाली. तेव्हापासून केवळ कर वाचवण्यासाठी मृत्युपत्र करण्याचे कारण बहुतेक घरांत उरलेले नाही. पण मृत्युपत्र नसेल तर वाटणी कायदा करतो आणि ती घरच्यांच्या समजुतीपेक्षा बरीच वेगळी निघू शकते.

‘माझ्यामागे सगळे बायकोचेच’ हा त्यातला मोठा गैरसमज. हिंदू वारसा कायदा, १९५६ नुसार मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना सारखा वाटा मिळतो. मागे पत्नी, दोन मुले आणि आई असतील, तर राहत्या फ्लॅटमध्येही पत्नीचा हिस्सा फक्त एक चतुर्थांश. मुले अज्ञान असतील, तर त्यांचा हिस्सा विकायला न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. वडील पहिल्या वर्गाच्या वारसांत येतच नाहीत. म्हातारे वडील मुलाच्याच पगारावर अवलंबून असले, तरी पत्नी, मुले किंवा आई हयात असताना त्यांना काही मिळत नाही. पत्नीचे आधीच्या लग्नाचे मूल, लग्नाविना सोबत राहणारा जोडीदार, वर्षानुवर्षे सेवा करणारी भाची, हेही यादीबाहेरच.

विवाहित स्त्रियांनी तर हा कायदा एकदा वाचावाच. पती आणि मूल दोन्ही नसलेल्या स्त्रीची स्वतःची कमाई आधी पतीच्या वारसांकडे जाते. तिच्या आई-वडिलांचा क्रम त्यानंतर लागतो. हे टाळायला मृत्युपत्राचा एक कागद पुरतो.

‘नॉमिनी लावलाय की’ असे म्हणून अनेकजण निर्धास्त असतात. बँकेच्या खात्यावरचा नॉमिनी पैसे स्वीकारतो, मालक होत नाही. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच स्पष्ट केले. सोसायटीतल्या फ्लॅटचेही तसेच. आयुर्विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीनंतर पती, पत्नी, मुले किंवा आई-वडील नॉमिनी असतील तर ती रक्कम त्यांचीच होते.

लहान मुले असलेल्यांसाठी पैशापेक्षा मोठा प्रश्न असतो: दोघेही गेलो तर त्यांना कोण सांभाळणार? हिंदू आई-वडील मृत्युपत्रात पालक नेमू शकतात. नेमला नाही, तर निर्णय न्यायालयात होतो, आणि काका व मामा यांच्यात एकमत असेलच असे नाही.

मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीही ऐच्छिक आहे. सही आणि दोन साक्षीदार मात्र हवेतच. साक्षीदार शक्यतो लाभार्थी नसावेत. मुस्लिम व्यक्तीला वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापेक्षा जास्त मालमत्ता मृत्युपत्राने देता येत नाही. गोव्यात मुले किंवा आई-वडील असतील तर साधारणपणे निम्मी मालमत्ता त्यांच्यासाठी राखीव असते. त्यामुळे तिथे स्थानिक वकिलाचा सल्ला घ्यावा.

सोबत खाती, पॉलिसी, लॉकर आणि कर्जे यांची यादी जोडा. दहा वर्षे कोणी हात न लावलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात. वारसांना त्या परत मागता येतात, पण त्यासाठी असे खाते होते हे आधी त्यांना ठाऊक असायला हवे.