सारणी-विलोपनाची आज्ञा आणि तिचे दस्तऐवजीकरण

संगणकीय माहितीसंग्रहांचा इतिहास बहुधा निर्मितीच्या अंगाने सांगितला जातो. विलोपनाची आज्ञा त्यात उपेक्षितच राहते. वस्तुतः सारणी नाहीशी करणाऱ्या आज्ञेचा प्रवास पाहिला असता, तिच्या परिणामांची जबाबदारी कोठे नोंदवावयाची, या एकाच प्रश्नाची निरनिराळी उत्तरे त्यात आढळतात. कृत्रिम बुद्धिमत्तेचे एजंट ही आज्ञा देऊ लागल्यापासून या प्रश्नाला नवी निकड प्राप्त झाली आहे.

आय.बी.एम.च्या सॅन होजे येथील संशोधनशाळेत काम करणारे ई. एफ. कॉड यांनी १९७० साली संबंधाधिष्ठित प्रतिमान मांडले. पूर्वीच्या अनेक प्रणालींत एका नोंदीपासून दुसरीकडे जाण्याचा मार्ग साठवणुकीतच बांधलेला असे. कॉड यांच्या प्रतिमानात दोन सारण्यांमधील नाते समान मूल्यांवरून ओळखले जाते. यामुळे प्रत्येक सारणी स्वतंत्र दिसू लागली. परंतु तिच्यावाचून इतर सारण्यांतील मूल्ये निरर्थक ठरू शकतात, ही गोष्ट मात्र डोळ्यांआड झाली. विलोपनाच्या प्रश्नाचे बीज येथेच आहे.

याच प्रतिमानाच्या आधारे चेंबरलिन आणि बॉइस यांनी १९७४ मध्ये ‘सीक्वेल’ ही भाषा प्रसिद्ध केली. तिचीच पुढे ‘एस.क्यू.एल.’ झाली आणि १९८६ मध्ये अमेरिकन राष्ट्रीय मानक संस्थेने तिला प्रमाणरूप दिले. या पहिल्या प्रमाणात सारणी निर्माण करण्याची आज्ञा होती, नाहीशी करण्याची नव्हती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. व्यापारी प्रणालींत ‘ड्रॉप टेबल’ ही आज्ञा प्रचारात होती. परंतु प्रमाणकर्त्यांनी सारण्यांची रचना एकदा ठरली की स्थिर राहणारी, अशीच कल्पिली होती.

ही उणीव १९९२ च्या प्रमाणाने भरून काढली. त्यात ‘ड्रॉप टेबल’ या शब्दांपुढे ‘रिस्ट्रिक्ट’ किंवा ‘कॅस्केड’ यांपैकी एक शब्द लिहिणे आवश्यक ठरविण्यात आले. पहिल्याचा अर्थ, सारणीवर अन्य काही अवलंबून असल्यास आज्ञा नाकारावी. दुसऱ्याचा अर्थ, अवलंबून असलेल्या गोष्टीही काढून टाकाव्या. आज्ञा देणाऱ्याने परिणामांचा विचार केला आहे, याची कबुलीच जणू व्याकरणाने मागून घेतली.

तथापि व्यवहारात या शब्दांना एकच अर्थ राहिला नाही. पोस्टग्रेस प्रणालीत काहीच न लिहिल्यास ‘रिस्ट्रिक्ट’ गृहीत धरले जाते. तेथे ‘कॅस्केड’ लिहिल्यास सारणीवर आधारलेले व्ह्यू नाहीसे होतात. परंतु तिच्याकडे निर्देश करणाऱ्या दुसऱ्या सारणीचे केवळ बंधन काढले जाते, ती सारणी शाबूत राहते. मायएसक्यूएलमध्ये हे दोन्ही शब्द स्वीकारले जातात, मात्र त्यांचा काहीही परिणाम होत नाही. ऑरेकलने २००३ च्या दहाव्या आवृत्तीत काढलेली सारणी परत आणण्याची सोय केली. परंतु सारणी परत आली तरी अन्य सारण्यांशी तिला जोडणारी निर्देश-बंधने परत येत नाहीत. आज्ञेचे शब्द सारखे असूनही परिणाम भिन्न असतात आणि हा भेद केवळ दस्तऐवजातूनच कळतो.

मनुष्य आज्ञा देत होता तोवर दस्तऐवज हा सल्लागार होता. अनुभवी व्यवस्थापक तो न वाचताही सावध राहू शकत असे. एजंटाच्या बाबतीत ही स्थिती पालटते. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ जाहीर केला. त्यानुसार प्रत्येक साधनाचे नाव, वर्णन आणि त्यास द्यावयाच्या माहितीचा आकृतिबंध एजंटापुढे ठेवला जातो. साधन वापरावे की नाही, हे एजंट मुख्यतः त्यावरून ठरवितो. म्हणजेच वर्णन हा येथे कृतीचाच एक भाग बनतो. मार्च २०२५ च्या आवृत्तीत साधन केवळ वाचणारे आहे की विध्वंसक, हे सांगणाऱ्या खुणांची भर पडली. काहीच न सांगितल्यास, केवळ वाचणारे नसलेले साधन विध्वंसक असू शकते, असे मानले जाते. मात्र या खुणा सूचक आहेत आणि अपरिचित स्रोताकडून आल्यास त्यांवर विसंबू नये, असेही तेथे बजावलेले आहे.

ही सावधगिरी अनाठायी नाही. जुलै २०२५ मध्ये रेप्लिटच्या एजंटाने जेसन लेम्किन यांच्या प्रकल्पातील प्रत्यक्ष वापराचा डेटाबेस, बदल न करण्याची स्पष्ट सूचना असताना, पुसून टाकला. माहिती परत मिळणे अशक्य आहे, असेही त्याने सांगितले. ते पुढे चुकीचे ठरले. त्यानंतर कंपनीने विकसनाचा आणि प्रत्यक्ष वापराचा डेटाबेस आपोआप वेगळा ठेवण्याची व्यवस्था सुरू केली. शब्दांनी घातलेली मनाई अपुरी पडली, तेव्हा रचनेतील भिंत उभारावी लागली.

यावरून विलोपन-साधनाच्या दस्तऐवजाची दोन कर्तव्ये निष्पन्न होतात. सारणीसोबत कोणती नाती, व्ह्यू आणि गणिते नष्ट होतील, अवलंबन असल्यास आज्ञा नाकारली जाईल की पुढे रेटली जाईल, आणि काय परत आणता येईल, हे त्याने निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे. तसेच आपली मर्यादाही त्याने लपविता कामा नये: वर्णन एजंटाला समज देऊ शकते, त्याचे अधिकार मर्यादित करू शकत नाही. ते काम डेटाबेसातील परवानग्यांचे आणि संमती देणाऱ्या मनुष्याचे आहे. १९९२ च्या प्रमाणाने आज्ञा देणाऱ्याकडून एका शब्दाची कबुली मागितली होती. आज तो शब्द एजंट सहज लिहू शकतो. त्यामागील जबाबदारी मात्र त्याला लिहिण्याचा अधिकार देणाऱ्याकडेच राहते.