बादलीतला समुद्र

पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं. मिठात उरलेल्या मॅग्नेशिअम क्लोराइडचा त्यात मोठा हात असतो. हवेतली वाफ ते झटकन ओढून घेतं. ही साधी गोष्ट आम्हांला महागात पडली, ती कशी ते पुढे येईलच.

१८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कातल्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय सुरू झालं. समुद्री प्राणी शहरात आले, पण त्यांचं पाणी? ते किनाऱ्यावरून वाहून आणायचं. फिलिप हेन्री गॉस या निसर्ग-अभ्यासकाने १८५४ मध्ये ते घरीच बनवलं. खायचं मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशिअम क्लोराइड आणि पोटॅशिअम क्लोराइड, बस्स, चारच क्षार! प्राणी त्यात जगले. कॅल्शिअमचे क्षार गॉसने घातलेच नव्हते. लंडनचं पाणी मुळात जड, तेव्हा थोडं कॅल्शिअम आयतंच मिळालं असणार.

पण शिंपले, प्रवाळ यांना कॅल्शिअम भरपूर लागतं. म्हणून आजच्या तयार मिश्रणात ते असतं, आणि कार्बोनेट देणारे क्षारही. दोघांची गाठ दाट द्रावणात पडली, की कॅल्शिअम कार्बोनेटचा साका, म्हणजे चक्क खडूच! १८४९ मध्ये उसिग्लिओ या रसायनज्ञाने भूमध्य समुद्राचं पाणी आटवून पाहिलं होतं. आधी कॅल्शिअम कार्बोनेट खाली बसलं, मग जिप्सम, मग मीठ. मॅग्नेशिअमचे क्षार शेवटी.

आम्ही मिश्रणाची पिशवी जुलैत उघडी ठेवली. मॅग्नेशिअम आणि कॅल्शिअम क्लोराइडने ओल धरली, आणि त्या ओलीत पिशवीतच खडू तयार होऊ लागला. वर आणखी शहाणपणा असा, की बादलीत आधी मिश्रण घातलं आणि त्यावर पाणी ओतलं. तळाशी अतिदाट द्रावण झालं. पाणी ताकासारखं दिसू लागलं, कितीही ढवळलं तरी निवळेना. साका तळाशी बसला तेव्हा वरचं पाणी स्वच्छ दिसलं खरं, पण त्यातलं कॅल्शिअम कमी झालेलं होतं.

दुसऱ्या खेपेस नवी पिशवी आणली, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली. वाहतुकीत जड-हलके कण वेगळे होतात, म्हणून डबा आधी हलवून घेतला. बादलीत पूर्ण पाणी घेऊन ढवळत ढवळत लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मिश्रण थोडं थोडं सोडलं. पाणी नितळ झालं.

गॉसचं पाणी घरी तयार झालं, प्राणी मात्र किनाऱ्यावरूनच यायचे. त्याची पुस्तकं वाचून हौशी लोकांची तिथे झुंबड उडाली. खडकांमधली ती डबकी ओरबाडली गेली, हे त्याच्या मुलाने, एडमंडने, १९०७ मध्ये लिहून ठेवलं आहे.