हिरडीखालचे जैवपटल

दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत, दाताच्या मुळाला चिकटून वाढणारा जीवाणूंचा थर. लोक ज्याला पायोरिया म्हणतात त्या आजाराची सुरुवात इथेच होते. निरोगी हिरडीत ही फट १ ते ३ मिलिमीटर खोल असते. हिरडी सुजून दातापासून सुटू लागली, की ती ४ मिलिमीटर किंवा त्याहून खोल होते आणि ब्रशचा केस तिच्या तळाला पोहोचत नाही. असा थर कसा असतो, हे मोर्शी-वरूडकडच्या संत्रा बागायतदाराला वेगळे सांगायला नको. ठिबकच्या नळीचे टोकाचे बूच काढून पाणी सोडले, की आधी तपकिरी, बुळबुळीत गाळ बाहेर येतो. त्यातला बुळबुळीतपणा जीवाणूंनी स्वतःभोवती तयार केलेल्या चिकट पदार्थाचा असतो. दातावर अशाच थरात क्षार साचून कीटण बनते. हिरडीखालचे कीटण रक्तातल्या रंगद्रव्यांमुळे काळपट दिसते.

हिरडीचा आजार वयामुळे होतो, ही समजूत अजून जात नाही. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हाराल्ड ल्यो आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणे थांबवायला सांगितले. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि घासणे पुन्हा सुरू होताच बऱ्या झाल्या. कारण वय नव्हते, थर होता. मात्र याच ल्योंनी श्रीलंकेतल्या चहामळ्यांवरच्या, दात न घासणाऱ्या ४८० मजुरांची १५ वर्षे पाहणी केली, तेव्हा सुमारे ११ टक्क्यांचा आजार हिरडी सुजण्यापुढे गेला नाही आणि ८ टक्क्यांचे दात झपाट्याने गेले. मग थराला दोष देणे चूक का? नाही. थर हवाच, पण तो एकटा पुरत नाही. पॉर्फिरोमोनास जिंजिवॅलिससारखे जीवाणू संख्येने थोडे असूनही शरीराच्या प्रतिकाराचा तोल बिघडवतात, आणि दाताभोवतीचे हाड झिजते ते मुख्यतः त्या बिघडलेल्या प्रतिकारामुळे. मधुमेह आणि तंबाखू यांनी हा तोल आणखी ढळतो. विदर्भात गालात धरला जाणारा तंबाखूचा खर्रा ज्या जागी राहतो, तिथली हिरडी खाली सरकून मूळ उघडे पडते. विडी-सिगारेटमुळे तर रक्त येणेच कमी होते. न दुखणाऱ्या या आजारात रक्त हीच काय ती सूचना, आणि तीही विझते.

नुसत्या गोळ्यांनी हा आजार जात नाही, तो या थरामुळेच. थराच्या आत संथपणे वाढणारे जीवाणू औषधाला दाद देत नाहीत. ठिबकच्या नळीत क्लोरीन सोडल्यावरही ती धुऊन काढावी लागते, तसा इथेही थर आधी खरवडून मोडावा लागतो. गंभीर आजारात औषध त्याच्या जोडीला. ‘दात साफ केले की हलतात’ ही तक्रार खोटी नाही, तिचा अर्थ मात्र उलटा लावला जातो. हाड आधीच गेलेले असते आणि कीटणाने दात एकमेकांना सांधून धरलेले असतात; ते निघाले, सूज उतरली, की फटी आणि हालचाल जाणवते. कीटण तसेच ठेवले तर उरलेले हाडही जाते. साफ केलेल्या फटीत थर काही आठवड्यांत पुन्हा जमू लागतो, म्हणून अशा रुग्णांना बहुधा दर ३ महिन्यांनी तपासणीला बोलावतात.