कडू कवठापासून तीन औषधांपर्यंत

त्वचेचे रोग पुष्कळ आहेत. परंतु ज्यानें माणसाच्या कातडीबरोबर त्याचें घर, नातें आणि नांवहि हिरावून घेतलें, असा रोग एकच. समाजानें त्यास ‘महारोग’ म्हटलें. वस्तुतः बहुसंख्य माणसांच्या अंगीं या रोगाच्या जंतूस दाद न देण्याची उपजत शक्ति असते. तो मोठा ठरला तो भयामुळें. या भयाशीं शास्त्रानें जो दीर्घ झगडा केला, त्यांत महाराष्ट्राचा वांटा लहान नाहीं.

पश्चिम समुद्राकांठच्या प्रदेशांत वाढणाऱ्या तुवरक वृक्षाचें तेल कुष्ठावर द्यावें, असें सुश्रुतसंहितेंत सांगितलें आहे. सह्याद्रींतील कडू कवठ तें हेंच, असें मानलें जातें. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांतून १८५१ सालीं जी पहिली तुकडी बाहेर पडली, तींतील डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं या तेलाचा प्रयोग महारोग्यांवर चालविला. जुन्या ग्रंथांतील वचन रुग्णाच्या देहावर पारखून पाहावें, ही त्यांची दृष्टि होती. मात्र उपायाचा गुण निर्विवादपणें ठरण्यापूर्वींच, १८७४ सालीं, ते निवर्तले.

त्याच मुंबईंत डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर हे या रोगाचा अभ्यास करीत होते. १८७३ सालीं ते नॉर्वेस गेले. आणि त्याच वर्षीं तेथील बर्गेन शहरीं हॅन्सेन यांनीं रोग्याच्या गांठींत जंतु पाहिले. रोग पूर्वजन्मींच्या पापानें होत नाहीं, रक्तानें वारसाहि येत नाहीं, हें त्यामुळें कळूं लागलें. पण औषध हातीं नव्हतें. म्हणून या ज्ञानाचें पहिलें फळ रुग्णाच्या वाट्यास कुंपण होऊन आलें. म्युनिसिपल कमिशनर ॲक्वर्थ यांच्या खटपटीनें १८९० सालीं माटुंग्यास निराश्रित महारोग्यांसाठीं आश्रम निघाला. आणि १८९८ च्या कायद्यानें भीक मागणाऱ्या रोग्यास धरून अशा ठिकाणीं ठेवण्याचा अधिकार सरकारास मिळाला.

औषध आलें तें अनपेक्षित वाटेनें. १९०८ सालीं जर्मनींत तयार झालेलें डॅप्सोन हें द्रव्य कित्येक वर्षें कपाटांतच पडून होतें. १९४१ सालीं अमेरिकेंतील कारव्हिल येथें त्याच जातीचें प्रोमिन हें औषध रोग्यांस टोंचून दिलें गेलें व जखमा भरूं लागल्या. पुढें डॅप्सोनची स्वस्त गोळी निघाली, तेव्हां रोग्यास कोंडून ठेवण्याचें कारणच उरलें नाहीं.

हें मर्म वर्ध्यास ओळखलें गेलें. तेथें १९५१ सालीं गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झालें. रोग्यानें दवाखान्याची वाट शोधावी असें न म्हणतां दवाखान्यानेंच रोग्याचें घर शोधावें, असें डॉ. वारदेकर यांनीं ठरविलें. घरोघर पाहणी, लोकशिक्षण आणि उपचार या तीन अंगांची ही पद्धति १९५५ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमासहि उपयोगी पडली.

तथापि जंतूनेंहि आपला डाव टाकला. एकट्या डॅप्सोनला न जुमानणारे जंतु १९६४ सालीं सिद्ध झाले. हा जंतु प्रयोगशाळेच्या काचपात्रांत वाढत नाहीं. उंदराच्या पायाच्या तळव्यांत तो वाढविण्याची युक्ति १९६० सालीं शेपर्ड यांना साधली होती, म्हणूनच ही परीक्षा शक्य झाली. एका औषधास चुकविणारा जंतु दुसऱ्यानें मरतो, या न्यायानें १९८१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीं डॅप्सोन, रिफॅम्पिसिन व क्लोफॅझिमिन यांची सांगड सुचविली. भारतांत हा उपचार ज्या जिल्ह्यांत अगदीं आरंभीं सुरू झाला, त्यांत वर्धा होता. २००५ च्या अखेरीस देशांतील रोगाचें प्रमाण दहा हजारांत एकाहून खालीं आलें.

२००१ सालीं जंतूची संपूर्ण जनुकलिपि वाचली गेली, तेव्हां तिच्यांतील जवळजवळ अर्धा भाग निकामी झालेला आढळला. देहाबाहेर हा जंतु कां वाढत नाहीं, याचें कारण येथें दिसतें. रोग्याच्या सहवासांतील माणसांस रिफॅम्पिसिनची एकच मात्रा देऊन रोग आधींच थोपविण्याची शिफारस २०१८ सालीं झाली. कायदा मात्र शास्त्राच्या मागून चालत आला. १८९८ चा कायदा २०१६ सालीं रद्द झाला, आणि कुष्ठरोग हें घटस्फोटाचें कारण असूं नये हें २०१९ सालीं ठरलें.

तळेगांव दाभाडे येथें आज ग्रामीण रुग्णालय आणि त्यास जोडलेलें वैद्यकीय महाविद्यालय आहे. एका बाजूस मावळांतील शेतकरी, दुसऱ्या बाजूस चाकणच्या कारखान्यांत दूर प्रांतांतून आलेला कामगार. दोघांच्याहि अंगावर उमटणारा फिकट चट्टा सारखाच असतो. तो खाजत नाहीं, दुखत नाहीं. टांचणी लावली तरी कळत नाहीं. दुखत नाहीं म्हणूनच तो दुर्लक्षिला जातो, आणि कळला तर लाजेनें झांकला जातो. जंतूची वाढ इतकी संथ असते कीं, लागण झाल्यापासून चट्टा दिसेपर्यंत वर्षेंच्या वर्षें लोटतात. मज्जातंतु एकदां मेले, तर कोणतेंहि औषध बोटांतील संवेदना परत आणीत नाहीं. सरकारी केंद्रांत उपचार विनामूल्य मिळतो व सहा महिन्यांत किंवा वर्षांत रोग बरा होतो. ज्यासाठीं भाऊ दाजींनीं कडू कवठाचें तेल पारखलें, तें औषध आज हातांत आहे. आतां प्रश्न उरला आहे तो बाहीखालीं झांकलेला चट्टा वेळेवर उघडा करण्याचा.