वसईची ताडी : चव आणि कायदा

वसई-विरारच्या किनारपट्टीत झाडाच्या रसापासून मिळणारी पेये मुख्यतः तीन : ताडाची ताडी, नारळाच्या झाडाची माडी आणि शिंदीची शिंदी. भेरली माडाचाही रस निघतो, पण ती झाडे विरळ. दिसायला हे सगळे रस सारखेच, पांढरट आणि फेसाळ. जाणकार मात्र ते घोटागणिक ओळखतात. माडी मऊ आणि गोडसर लागते. ताडी जास्त भरीव असते आणि तिचा वासही अधिक उग्र. माड बारा महिने रस देतो, तर ताडाचा खरा हंगाम थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत असतो. त्यामुळे पावसाळ्यात गुत्त्यावर भरपूर ‘ताडी’ दिसली, तर ती कोणत्या झाडाची हा प्रश्न जुन्या पिणाऱ्याच्या मनात आपोआप येतो.

झाडाखालोखाल महत्त्व वेळेला. माडाची न उमललेली पोय बांधून, हलक्या हाताने ठोकून, तिचे टोक रोज कोयत्याने पातळसे कापतात आणि खाली मडके लावतात. ताडाच्या तुऱ्यांवरही असेच काम चालते. भंडारी, म्हणजे रस काढणारा, दिवसातून किमान दोनदा झाडावर चढतो. काप जाड गेला तर पोय लवकर संपते, आणि एक दिवस चुकला तर रस आटतो. ताज्या रसात दहा ते पंधरा टक्के साखर असते. पहाटे उतरवलेला रस गोड असतो, दुपारपर्यंत त्याला जिभेवर चुरचुरणारी धार येते, संध्याकाळी तो आंबट होतो आणि आणखी एक-दोन दिवसांत त्याचा सिरका व्हायला लागतो. मद्यार्काचे प्रमाण साधारण चार ते सहा टक्क्यांपर्यंत चढते, म्हणजे बिअरएवढे. म्हणून ‘ताडी कशी लागते’ या प्रश्नाला झाड आणि घटका सांगितल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

हे आंबणे कोणी मुद्दाम घडवून आणत नाही. हवेतले, सालीवरचे आणि मुख्यतः आदल्या दिवशीच्या मडक्यात उरलेले यीस्ट आणि जिवाणू ते काम करतात. यीस्ट मद्यार्क तयार करते, लॅक्टिक जिवाणू आंबटपणा आणतात, शेवटी अ‍ॅसेटिक जिवाणू सिरका करतात. जगात याचे सर्वांत नावाजलेले भावंड बेल्जियममध्ये सापडते. ब्रुसेल्सजवळच्या सेन नदीच्या खोऱ्यात आणि पायोटनलांडमध्ये लांबिक नावाची बिअर बाहेरचे यीस्ट न घालता होते. उकळलेला धान्याचा रस रुंद, उथळ भांड्यात रात्रभर उघडा ठेवतात आणि तिथल्या हवेतले सूक्ष्मजीव त्यात उतरतात. हे काम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल एवढेच चालते, कारण उन्हाळ्याच्या हवेत रस नासवणारे जिवाणू फार असतात. पुढे लाकडी पिंपांत ती वर्षानुवर्षे मुरते. एक, दोन आणि तीन वर्षांची लांबिक एकत्र करून गोझ ही बिअर बनवतात, आणि त्या मिश्रणाचे प्रमाण जिभेने ठरवणारा माणूस तिथे कारागीर म्हणून मानला जातो. तिथे वर्षांत घडणारा प्रवास वसईत एका दिवसात उरकतो. म्हणून इथे कौशल्य मुरवण्यात नसून वेळ पकडण्यात आहे.

या भागातल्या माडांचा लेखी पुरावा फार जुना आहे. नाशिकच्या लेण्यांतल्या शिलालेखात नहपानाचा जावई उषवदात याने 32,000 नारळाची झाडे दान केल्याची नोंद आहे, आणि दान घेणाऱ्यांमध्ये शूर्पारकातल्या, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्यातल्या, रामतीर्थाचा चरक हा धार्मिक समुदायही आहे. त्या झाडांचा रस कोणी काढत होते की नाही, याबद्दल शिलालेख काही बोलत नाही.

रसाबद्दल बोलणारा साक्षीदार पुढे बाराशे वर्षांनी येतो. जॉर्डानस हा फ्रेंच डोमिनिकन धर्मोपदेशक. 1321 मध्ये ठाण्यात त्याचे चार फ्रान्सिस्कन सोबती मारले गेले, तेव्हा त्यांचे देह त्याने सोपाऱ्याला आणून पुरले. 1330 च्या सुमारास लिहिलेल्या ‘मिराबिलिया डिस्क्रिप्टा’ या लॅटिन पुस्तकात त्याने पश्चिम भारतातल्या झाडांचे वर्णन केले. नारळाची फांदी कापून, भांडे टांगून गोड आणि मादक रस काढतात, हे त्याने लिहिले. ‘तारी’ नावाचे झाड वर्षभर पांढरे, रुचकर पेय देते असे म्हटले, आणि ‘बेल्लुरी’ या आणखी एका झाडाचा रस तसाच, पण त्याहून चांगला, असा निवाडाही दिला. बेल्लुरी म्हणजे भेरली माड असावा. सोपाऱ्याची वाट तुडवलेल्या माणसाने दोन रस तोलून एकाला वरचढ ठरवावे, ही नोंद मोलाची आहे. या किनाऱ्याच्या पेयांची चवीवरून झालेली इतकी जुनी लेखी तुलना क्वचितच सापडेल.

1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. 1665 मध्ये इंग्रजांकडे जाईपर्यंत मुंबई बेट वसईच्या अमलाखाली होते आणि काही काळ ते गार्सिया द ओर्ता या वैद्याकडे खंडाने होते. 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात ओर्ताने माडाच्या रसाचे ऊर्ध्वपातन वर्णिले. त्यातल्या पहिल्या, कापड भिजवून पेटवले तर जळेल अशा तीव्र अर्काला ‘फुला’, म्हणजे फूल, म्हणत आणि उरलेल्या सौम्य दारूला ‘उराका’. एकाच रसाच्या प्रती लावण्याची आणि त्यांना नावे देण्याची ही पद्धत जुन्या धंद्यात किती मुरलेली होती, ते इथे दिसते.

इंग्रजी अमलात हे ज्ञान सरकारी हिशेबात शिरलेच नाही. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने रस काढायला झाडागणिक कर आणि परवाना लावला, आणि घरच्या भट्टीवर दारू गाळण्याची भंडाऱ्यांची जुनी वहिवाट आवळली. कमीत कमी सेवनातून जास्तीत जास्त महसूल, असे धोरण सांगितले जाई. 1892 च्या मोहा कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले साठवण्यावरही बंधन आले, आणि वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होती. झाडावरचा कर झाड कोणते एवढेच पाहतो. रस पहाटेचा की शिळा, हात सफाईचा की अडाणी, याला त्यात जागा नाही. एकदा कर भरला की तो वसूल होईपर्यंत झाडाला विश्रांती देणे परवडत नाही. चांगल्या रसासाठी झाड राखून काढण्याच्या शिस्तीवर याहून मोठा घाव दुसरा नसेल.

स्वातंत्र्यानंतर 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि आंबलेली ताडी बेकायदा ठरली. उरली ती नीरा : मडक्याला आतून चुना लावून आंबू न दिलेला रस. नीरा पौष्टिक आणि गोड, पण तिच्यात भंडाऱ्याच्या ज्ञानाचा अर्धाच भाग लागतो, कारण आंबण्याचे टप्पे ओळखणे तिथे निरुपयोगी होते. पिणाऱ्यांची गरज खाडीकाठच्या गूळ-नवसागराच्या हातभट्टीने भागवली आणि माणसांचे फार नुकसान केले.

बेल्जियममध्येही कायद्याने पेय घडवले, पण उलट्या दिशेने. 1919 च्या वांडरवेल्ड कायद्याने तिथल्या सार्वजनिक दारूगुत्त्यांतून कडक मद्याची विक्री बंद झाली, आणि त्या पोकळीत अधिक तीव्र, अधिक वेगवेगळ्या बिअर वाढल्या. पुढे मायकेल जॅक्सन या इंग्रज लेखकाने 1977 आणि 1991 मधल्या पुस्तकांतून त्यांचे प्रकार आणि चवी जगाला समजावल्या. 2016 मध्ये बेल्जियमची बिअर संस्कृती युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. वसईच्या रसाला असा वर्णनकार लाभला नाही.

महाराष्ट्रात 1960 च्या दशकात बंदी सैल झाली आणि 1968 च्या नियमांनी ताडीची दुकाने आणि रसाची झाडे परवान्याखाली आली. मागणी शहरांत, झाडे मात्र घटलेली. या तफावतीतून क्लोरल हायड्रेट मिसळलेल्या बनावट ताडीचा धंदा फोफावला. ज्या रसाची वेळ आणि झाड विचारले जात होते, त्याच्या नावाने रसायन विकले जाणे हा गुन्हा आहे आणि या धंद्याच्या इतिहासातला सर्वांत वाईट अध्यायही. वसई-विरार महानगरपालिका 2009 मध्ये झाली. तोवर आगाशी, बोळींज, नाळा, गास या पट्ट्यातल्या कित्येक वाड्यांना इमारती भिडल्या होत्या. झाड उभे असले तरी रोज दोनदा चढणारा माणूस मिळणे कठीण झाले, कारण मुलांना रेल्वेने मुंबईची नोकरी जवळची झाली.

ताडीचा खरा ताजेपणा अजून पारखला जातो तो स्वयंपाकघरात. वसईच्या ख्रिस्ती घरांत वाफवलेल्या सांदणांचे पीठ आणि तळलेल्या फुग्यांचा मैदा ताडीने फुगवण्याची रीत आहे. त्यासाठी रस नेमका हवा : फार गोड असेल तर पीठ चढत नाही, फार आंबट झाला तर सांदण दडस आणि सिरक्यासारखे लागते. चांगली ताडी न मिळाल्यास बाजारचे यीस्ट आणि साखर वापरतात. पीठ त्यानेही फुगते, मात्र लॅक्टिक जिवाणूंनी येणारा तो हलका आंबूस वास त्यात नसतो.