झरोक्यांचा इतिहास : स्कूटरपासून स्पोर्ट्स कारपर्यंत

मोटारगाडीचा इतिहास आपल्याकडे बहुधा कारखाने, मालक आणि किमती यांच्या अंगाने लिहिला जातो. गाडीच्या अंगावरच्या जाळ्या आणि फटी त्यात येत नाहीत. आल्याच तर शोभेची वस्तू म्हणून. पण इंजिनाने जागा बदलली की या झरोक्यांनीही जागा बदलली, असे शंभर वर्षांच्या मोटारी पाहिल्या तर दिसते. रिक्षा काय आणि लाखमोलाची स्पोर्ट्स कार काय, दोघींपुढचा प्रश्न एकच होता.

पेट्रोल जळून जी उष्णता तयार होते तिचा ढोबळमानाने फार तर एक तृतीयांश भाग इंजिनाच्या कामी येतो, तेवढाच धुराबरोबर नळीतून जातो आणि उरलेला इंजिनाच्या अंगातून बाहेर काढावा लागतो. हे काम शेवटी वाराच करतो, मग मध्ये पाणी असो वा नसो. वारा मात्र नुसते भोक पाडून आत येत नाही. आपल्याकडच्या माळवदाच्या घरात चुलीवर धुरासाठी भोक ठेवीत. पण दार लावून घेतले की धूर घरातच कोंडे. आत येण्याची वाट जास्त दाबाच्या जागी आणि बाहेर जाण्याची वाट कमी दाबाच्या जागी असेल, तरच हवा वाहते. धावत्या गाडीच्या नाकावर दाब जास्त असतो, तर बॉनेटच्या पुढच्या वळणावर, पुढच्या चाकांच्या मागे आणि गाडीच्या पाठीमागे तो कमी असतो.

जुन्या बहुतेक मोटारींत इंजिन पुढे होते, रेडिएटर त्याच्याही पुढे, त्यामुळे वारा थेट समोरून मिळे. अडचण आली ती इंजिन झाकले किंवा मागे नेले तेव्हा. १९४६ मध्ये इटलीतील पोंतेदेरा येथील पियाजिओ कंपनीने व्हेस्पाचे पेटंट घेतले. तिचा रचनाकार कोर्रादिनो दास्कानियो हा मूळचा विमान-अभियंता. कपड्यांना तेल लागू नये म्हणून त्याने इंजिन पत्र्याच्या आड ठेवले आणि मोटारसायकलला फुकट मिळणारा वारा तुटला. त्यावर उपाय म्हणून फ्लायव्हीललाच पंख्याची पाती बसवली आणि सिलिंडरभोवती आवरण घालून वारा नेमका फिनांवर वळवला.

हे तंत्र महाराष्ट्रात बजाजमार्फत आले. बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशनने १९४८ मध्ये आयात केलेल्या दुचाकी आणि तीनचाकी विकायला सुरुवात केली. १९५९ मध्ये उत्पादनाचा परवाना मिळाला आणि पुढे पुण्याजवळ आकुर्डीला कारखाना उभा राहिला. १९७७ मध्ये बजाजची मागे इंजिन असलेली रिक्षा आली. चालकाजवळची धग आणि आवाज पाठीमागे गेला, पण इंजिन आता प्रवाशांच्या बाकामागे, वाऱ्याच्या आडोशाला होते. म्हणून पंखा आणि मागच्या झाकणावरच्या फटी या तिच्या जीवनवाहिन्या ठरल्या.

स्पोर्ट्स कारच्या दुनियेत हेच घडले. पोर्शची ९११ ही मोटार १९९८ पर्यंत हवेवर थंड होणारे मागचे इंजिन वापरत होती; तिच्या मागच्या झाकणावरची जाळी म्हणजे पंख्याचे नाक. फेरारीच्या ५१२ बीबी या गाडीत इंजिन मधोमध, पण रेडिएटर पुढे होता. गरम पाण्याच्या नळ्या बैठकीखालून जात आणि आत बसणारे भाजून निघत. १९८४ च्या टेस्टारोसामध्ये मारानेल्लोच्या अभियंत्यांनी रेडिएटर दोन करून दारांच्या मागे, दोन्ही कुशींत नेले. दारांवरच्या ज्या लांबलचक पट्ट्यांची चित्रे पुढे मुलांच्या भिंतींवर लागली, त्या या रेडिएटरांकडे वारा नेण्यासाठी होत्या. मागून जवळपास दोन मीटर रुंद झालेली ती गाडी रेडिएटरांमुळे तशी झाली.

बाहेरची वाट किती महत्त्वाची, हे फोर्डच्या जीटी ४० ने दाखवले. १९६६ मध्ये ल मान्सची शर्यत जिंकणाऱ्या या गाडीत रेडिएटरमधून आलेली गरम हवा नाकाच्या वरच्या बाजूने बाहेर सोडली होती. ती गाडीखाली कोंडली असती, तर वेगात पुढची चाके हलकी झाली असती.

याउलट, बॉनेटची काचेकडची कड उचलून ठेवली की इंजिन थंड राहते, हा समज अजून ऐकू येतो. गाडी उभी असताना तो खरा आहे, कारण गरम हवा वर जाते. धावताना मात्र काचेच्या पायथ्याशी दाब वाढतो आणि हवा तिथून आत शिरू पाहते. केबिनसाठी ताजी हवा गाड्या तिथूनच घेतात, ते याच कारणाने.

आपल्याकडच्या अलीकडच्या दोन गाड्यांतही हा इतिहास दिसतो. २००८ मध्ये दाखवलेल्या टाटा नॅनोचे इंजिन मागे होते, म्हणून मागच्या चाकांपुढे कुशीत हवेची तोंडे आली. २०१२ मध्ये दिलीप छाब्रिया यांच्या डीसी कंपनीने अवंती दाखवली. इंजिन मधोमध, म्हणून दारांमागे मोठी तोंडे. एक सर्वांत स्वस्त मोटार, दुसरी हौसेची. वाऱ्याने दोघींकडून एकच किंमत वसूल केली.

आता सेनगावच्या उन्हाळ्याचा हिशेब मांडू. रेडिएटरमधले पाणी ९० अंशांवर आणि बाहेरची हवा २० अंशांवर असेल, तर फरक ७० अंशांचा. मे महिन्यात हवा ४३ अंशांवर गेली की फरक उरतो ४७. म्हणजे तेवढ्याच वाऱ्यात तिसरा हिस्सा उष्णता कमी निघते. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाच्या फिना २०० अंशांपर्यंत तापतात असे धरले, तर फरक १८० वरून १५७ वर येतो. घट आठव्या हिश्श्याची. पण तिथे सांभाळून घ्यायला पाणी नसते, सारी भिस्त पंख्यावर आणि फटींवर.

आमच्या तालुक्यात हिंगोली, रिसोडच्या वाटेवर रिक्षाच्या पाठीला पोती बांधलेली दिसतात, फटींवर रंगीत स्टिकर चिकटवलेले दिसतात. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये पिस्टन चिकटला की चालकाची दिवसाची कमाई जाते आणि वर मेस्त्रीचे बिल येते. पोंतेदेरापासून आकुर्डीपर्यंत ज्या फटीसाठी अभियंत्यांनी डोके खपवले, ती एका स्टिकरने बुजते. थंड मुलखात आखलेली ही वाट आपल्या उन्हात अधिक मोकळी हवी, आणि ती मोकळी ठेवायला खर्च काहीच येत नाही.