जुना संगणक, नवा पडदा

यंत्र निकामी कधी होते? ते मोडते तेव्हा, असे उत्तर चटकन येईल. पण धडधाकट यंत्रही निकामी होऊ शकते. १९७७ सालचा ॲपल-टू हा घरगुती संगणक घ्या. त्यातले कितीतरी संगणक आजही सुरू होतात, कळा दाबल्या की आकडेमोड करतात. अडचण येते ती उत्तर पाहण्याची, कारण ज्या टीव्हीसाठी तो बनवला होता, ते टीव्हीच आता मिळेनासे झाले आहेत. अलीकडे हौशी तंत्रज्ञांनी यावर एक स्वस्त तोड काढली आहे. संगणकाच्या पोटात बसणारे आणि आजच्या पडद्यावर चित्र पाठवणारे हे एक छोटे कार्ड आहे. ते कसे काम करते हे समजण्यासाठी, मुळात हा संगणक चित्र कसे काढत होता ते आधी पाहू.

काटकसरीतून आलेले रंग

१९७०च्या दशकात संगणकासाठी वेगळा पडदा विकत घेणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते. अमेरिकेत घरोघरी टीव्ही मात्र होता. स्टीव्ह वॉझ्निॲक यांनी ॲपल-टूची रचना करताना हाच टीव्ही वापरायचे ठरवले. जून १९७७ मध्ये, ४ किलोबाइट स्मृतीसह, हा संगणक १२९८ डॉलरला विक्रीस आला.

अमेरिकेतील एनटीएससी पद्धतीत रंगाची माहिती सुमारे ३.५८ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ३५.८ लाख कंपनांच्या एका लहरीवरून येते. चित्राच्या संदेशात एवढ्या वेगाने उजेड-अंधार होऊ लागला, तर टीव्ही त्याला रंग समजतो. ही कंपने संदर्भलहरीच्या किती पुढे किंवा मागे आहेत, यावरून तो रंग कोणता ते ठरवतो.

वॉझ्निॲक यांनी संगणकाचा मुख्य स्फटिक बरोबर याच्या चौपट, म्हणजे १४.३१८ मेगाहर्ट्झचा निवडला. चित्राचे ठिपके त्याच्या निम्म्या वेगाने बाहेर पडत. एका ओळीत २८० ठिपके आणि अशा १९२ ओळी. आता एक ठिपका पेटलेला, पुढचा विझलेला अशी रांग काढली, तर उजेड-अंधाराची जोडी नेमकी रंगलहरीच्या वेगाने येते. सम घरांतले ठिपके पेटवले की जांभळा रंग दिसे, विषम घरांतले पेटवले की हिरवा. शेजारचे दोन्ही पेटवले की पांढरा. स्मृतीच्या प्रत्येक बाइटमधले ७ बिट ठिपक्यांसाठी होते. आठव्या बिटने ठिपके अर्ध्या घराने सरकत आणि निळा व नारिंगी हे रंग मिळत. म्हणजे संगणक फक्त काळे-पांढरे ठिपके पाठवी. रंग तयार होई तो टीव्हीच्या ‘गैरसमजा’तून!

ही युक्ती त्या टीव्हीशी किती जखडलेली होती, हे अमेरिकेबाहेर लगेच दिसून आले. युरोपातील पाल पद्धतीत रंगलहर ४.४३ मेगाहर्ट्झची असते. त्यामुळे तिथे विकल्या गेलेल्या ‘युरोप्लस’ या ॲपलवर चित्र काळे-पांढरेच दिसे. रंगांसाठी वेगळे कार्ड घ्यावे लागे. भारतानेही पाल पद्धतच स्वीकारली होती.

पडदा बदलला

ॲपल-टू मालिकेतील शेवटच्या संगणकाचे उत्पादन १९९३ मध्ये थांबले. पुढे काचेच्या नळीचे टीव्हीही गेले. २००९ मध्ये अमेरिकेतील मोठ्या केंद्रांनी जुन्या पद्धतीचे प्रक्षेपण बंद केले. नवे सपाट टीव्ही येणाऱ्या संदेशाचे आधी आकड्यांत रूपांतर करतात आणि तो ठरलेल्या मापात बसतो का ते पाहतात. मापानुसार दर वेळी साडेदोनशेबासष्ट ओळी यायला हव्यात. ॲपल-टू पाठवी पूर्ण २६२. जुना टीव्ही हा फरक सहज खपवून घेई. नव्या टीव्हीवर मात्र कधी चित्र थरथरते, कधी रंग जातात, तर कधी चित्र उमटतच नाही.

कान देऊन ऐकणारे कार्ड

जानेवारी २०२१ मध्ये ‘रास्पबेरी पाय पिको’ नावाची ४ डॉलरची छोटी पट्टी बाजारात आली. तिच्यावरच्या चिपमध्ये २६४ किलोबाइट स्मृती आणि दोन प्रोसेसर आहेत. मूळ ॲपलच्या ४ किलोबाइटशी तुलना करा! हौशी रचनाकारांनी हीच पट्टी ॲपलच्या कार्डावर बसवली.

ॲपल-टूच्या मुख्य बोर्डावर कार्डे खोचण्यासाठी ८ खाचा होत्या. प्रोसेसर स्मृतीशी ज्या तारांवरून बोलतो, त्या पत्त्याच्या १६ आणि माहितीच्या ८ तारा या खाचांपर्यंत आणलेल्या होत्या. ‘अमुक पत्त्यावर अमुक आकडा लिही’ अशी आज्ञा प्रोसेसरने दिली, की खाचेतल्या कार्डालाही ती ‘ऐकू’ येते. नवे कार्ड एवढेच करते. चित्र ज्या पत्त्यांवर ठेवले जाते तिथे काही लिहिले गेले, की त्याची नक्कल ते स्वतःच्या स्मृतीत उतरवून घेते. मग त्या नकलेवरून ते आजच्या पडद्याला समजणारे चित्र तयार करते. व्हीजीए पडद्याचे माप आडवे ६४० आणि उभे ४८० ठिपके. मूळ चित्र दोन्ही दिशांनी दुप्पट केले की ५६० गुणिले ३८४ होते, आणि ते या चौकटीत नीट बसते.

हे ऐकणे चिपला जड जात नाही. ॲपलचा ६५०२ प्रोसेसर सेकंदाला सुमारे १० लाख ठोक्यांनी चालतो, तर पिकोची चिप १३ कोटींच्या आसपास. म्हणजे जुन्या संगणकाच्या एका ठोक्यात नव्याला शंभराहून अधिक ठोके मिळतात. अडचण असते ती विजेच्या दाबाची. ॲपलच्या तारांवर ५ व्होल्ट असतात, पिकोला चालतात ३.३. म्हणून मध्ये दाब उतरवणाऱ्या साध्या चिपा घालाव्या लागतात.

खरी गंमत रंगांची आहे. नवा पडदा गैरसमज करून घेत नाही. त्याला काळे-पांढरे ठिपके दिले, तर तो काळे-पांढरेच दाखवतो. म्हणून जुन्या टीव्हीची ‘चूक’ आता कार्डाला हिशेब करून मुद्दाम करावी लागते. शेजारचा ठिपका कोणता, घर सम की विषम, आठवा बिट कोणता, हे पाहून रंग ठरवावा लागतो. तरीही नक्कल शंभर टक्के साधतेच असे नाही. काही जुने प्रोग्राम पडद्यावर चित्र अर्धे उमटलेले असतानाच चित्राचा प्रकार बदलत. स्वतःच्या लयीने चित्र काढणारे कार्ड अशा वेळी फसू शकते.

नकाशा जपला म्हणून

हे सारे शक्य झाले ते केवळ चिप स्वस्त झाली म्हणून नव्हे. ॲपलने जानेवारी १९७८ च्या माहितीपुस्तिकेत संगणकाचा संपूर्ण विद्युत-आराखडा छापला होता. आराखडा हाती आणि खाचा उघड्या, म्हणून मूळ निर्मात्याला न विचारता पुढच्या पिढीला त्यात भर घालता आली. नव्या कार्डांच्या अनेक रचनाकारांनीही आपले आराखडे सर्वांना खुले ठेवले आहेत. आजच्या चिकटवून बंद केलेल्या उपकरणांवर चाळीस वर्षांनी असा प्रयोग कसा करणार?

प्रश्न आपल्या शाळांनाही लागू आहे. भारतात १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ प्रकल्पातून शाळांमध्ये आले ते बीबीसी मायक्रो संगणक. त्यांना आजचा पडदा जोडण्यासाठीही स्वस्त ‘रास्पबेरी पाय झिरो’वर आधारलेली अशीच तोड उपलब्ध आहे. एखाद्या शाळेच्या अडगळीत असा संगणक असेल, तर भंगारात देण्याआधी थोडे थांबावे. मात्र त्याला थेट वीज जोडू नये, कारण इतक्या वर्षांनी वीजपुरवठ्यातले धारित्र जळू शकतात. तो भाग आधी जाणकाराकडून तपासून घ्यावा. आणि संगणकासोबत माहितीपुस्तिका असेल, तर ती सर्वांत आधी जपावी. पडदा पुन्हा करता येतो. आराखडा हरवला, तर तो करणाऱ्याचे काम कितीतरी अवघड होऊन बसते.